मधल्या खुर्चीतला माणूस

तो फोटो आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेला आहे. काळा-पांढरा. राजवाड्याच्या अंगणात तीन खुर्च्या. एका बाजूला जाडजूड चर्चिल, दुसऱ्या बाजूला लष्करी कोटातला स्टॅलिन. आणि मध्ये खांद्यावर केप घेतलेला, बोटांत सिगारेट धरलेला, खूप थकलेला एक माणूस. खाली लिहिलेलं असतं : याल्टा, फेब्रुवारी १९४५.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याल्टा म्हणजे पाच मार्कांची शॉर्ट नोट होती. चार निर्णय, तीन परिणाम, पाठ करा आणि पुढच्या धड्याकडे वळा. त्या मधल्या माणसाबद्दल मी नीट वाचलं ते थेट गेल्या पीएलमध्ये. (पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचावंसं वाटतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.) आणि मग कळलं की फोटोत तिघं बसलेले आहेत खरे, पण मधल्याला आधाराशिवाय उभं राहताच येत नव्हतं. फोटोनंतर दोन महिन्यांत तो गेलाही. पण तेवढ्यात त्याने एक काम जवळजवळ पूर्ण करत आणलं होतं, ज्याचे बरेवाईट परिणाम आपण आजही भोगतोय. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथला. घर अतिशय श्रीमंत. आई सारा हिचा हा एकुलता एक मुलगा. पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लहानपणी लागला तो मरेपर्यंत सुटला नाही. हार्वर्डमध्ये शिक्षण, १९०५ मध्ये एलिनॉरशी लग्न, १९१० मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये निवडून येणं, १९१३ मध्ये नौदल खात्यात सहायक सचिव. आत्तापर्यंतची गोष्ट एका लाडावलेल्या, देखण्या, नशीबवान माणसाची आहे.

पुढचं समजायला आधी वुड्रो विल्सन समजायला हवेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेचे हे राष्ट्राध्यक्ष पॅरिसला गेले आणि त्यांनी राष्ट्रसंघाची, म्हणजे लीग ऑफ नेशन्सची कल्पना जगाच्या गळी उतरवली. पुन्हा महायुद्ध होऊ नये म्हणून सगळ्या देशांची एक संघटना. १९१९ च्या फेब्रुवारीत विल्सन पॅरिसहून जहाजाने परतले तेव्हा त्याच जहाजावर तरुण रूझवेल्टही होते. पण विल्सन यांनी घरच्या विरोधकांना विश्वासात घेतलं नव्हतं. करारातला एक शब्द बदलायला सांगितला तरी ते तडजोडीला तयार नसत. शेवटी अमेरिकेच्याच सिनेटने करार फेटाळला आणि ज्या देशाने लीगची कल्पना मांडली तोच देश लीगमध्ये गेला नाही. विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला. १९२० मध्ये रूझवेल्ट उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि विल्सनना भेटायला गेले, तेव्हा त्यांना व्हीलचेअरमध्ये बसलेला, खचलेला माणूस दिसला. रूझवेल्टनी लीगच्या बाजूने देशभर प्रचार केला आणि सपाटून हरले.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीवर असताना त्यांना ताप आला, पाय लुळे पडले. निदान झालं पोलिओचं. वय ३९.

इथे मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसले होते. आपल्याकडे एखादा विषय बॅक राहिला तर माणूस आठवडाभर मेसला येत नाही. या माणसाचं आख्खं आयुष्य बॅक राहिलं होतं. त्याने काय केलं? पोहून पोहून दंड आणि छाती कमावली. कंबरेपासून खाली पोलादी कॅलिपर लावून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड घट्ट धरून, कंबर झुलवत चार पावलं टाकायला शिकला. मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात घ्यावं अशी एक गोष्ट : त्यांनी स्वतःची व्हीलचेअर स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीला चाकं लावून करून घेतली होती, कारण तेव्हाच्या तयार चेअर अवजड असत आणि दारांतून जात नसत. गाडीही हाताने चालवता येईल अशी बदलून घेतली होती. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे गरम पाण्याच्या झऱ्यांवर त्यांनी पोलिओच्या पेशंटांसाठी केंद्र उभारलं. १९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून. मग १९३६, १९४० आणि १९४४. असे चार वेळा निवडून आलेले ते एकमेव.

मंदी, बेकारी, न्यू डील हे सगळं मी गाळते, तो वेगळा लेख होईल. मला सांगायचं आहे ते युद्धातल्या वाटाघाटींबद्दल.

१९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेकांना त्यात पडायचं नव्हतं. १९४० मध्ये फ्रान्स पडला, ब्रिटन एकटा उरला आणि त्याचे पैसे संपत आले. रूझवेल्टनी पत्रकारांना एक साधं उदाहरण दिलं. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण पाण्याच्या नळीची किंमत आधी वसूल करत बसत नाही, नळी देतो आणि आग विझल्यावर परत घेतो. यातून मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा झाला. पुढे सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल मित्रराष्ट्रांना गेला. एकट्या रशियाला सुमारे ४ लाख जीप आणि ट्रक मिळाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ, युद्धनौकांवर, रूझवेल्ट आणि चर्चिल गुपचूप भेटले. रविवारच्या प्रार्थनेसाठी रूझवेल्ट ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश जहाजाच्या डेकवरून मुलाच्या आधाराने चालत गेले. व्हीलचेअरवरून सहज जाता आलं असतं, पण त्यांना चालतच जायचं होतं. या भेटीतून अटलांटिक सनद निघाली. आठ कलमं. तिसऱ्या कलमाचा अर्थ असा की प्रत्येक जनतेला आपलं सरकार कसं असावं हे ठरवायचा हक्क आहे.

हे वाचताना आपल्या मनात जो प्रश्न येतो तोच तेव्हा भारतातही आला. आणि आम्ही? चर्चिलने पुढच्याच महिन्यात पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे कलम हिटलरच्या ताब्यातल्या युरोपसाठी आहे, भारतासाठी नाही. रूझवेल्टना हे पटत नव्हतं. १९४२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लुई जॉन्सन यांना आपला खास प्रतिनिधी म्हणून दिल्लीला पाठवलं, क्रिप्स बोलणी फिसकटत असताना चर्चिलला निरोप धाडून आणखी प्रयत्न करायला सांगितलं. चर्चिल असा भडकला की रूझवेल्टनी पाऊल मागे घेतलं. जुलैमध्ये गांधीजींनी रूझवेल्टना पत्र लिहून हाच विरोधाभास दाखवून दिला. ९ ऑगस्टला गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. वॉशिंग्टनहून जाहीर निषेधाचा शब्द आला नाही. हिटलर हरेपर्यंत चर्चिलला दुखवायचं नाही, असा तो हिशेब होता. हिशेब समजतो. पण किंमत आपण मोजली.

पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ ला हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. तीन आठवड्यांनी चर्चिल व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला होता. १ जानेवारी १९४२ ला २६ देशांनी एकत्र जाहीरनामा काढला. या देशांच्या गटाला युनायटेड नेशन्स हे नाव रूझवेल्टनीच सुचवलं. गंमत म्हणजे त्या २६ देशांत पारतंत्र्यातला भारतही होता!

आता खरी अडचण स्टॅलिनची. जर्मन सैन्याचं सगळ्यात मोठं ओझं रशिया झेलत होता आणि स्टॅलिनला दोघांचाही भरवसा नव्हता. रूझवेल्टचा स्वतःवर विश्वास दांडगा होता. समोरासमोर बसलो, गप्पा मारल्या, हसवलं की कुठलाही माणूस वळतो, असं त्यांना वाटे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते हजारो मैलांचा प्रवास करून तेहरानला गेले, कारण स्टॅलिन त्याहून लांब यायला तयार नव्हता. तिथे सुरक्षेच्या कारणावरून ते सोव्हिएत वकिलातीतच उतरले. खोल्यांत चोरून ऐकण्याची यंत्रं होती, हे पुढे उघड झालं. स्टॅलिनला खुलवण्यासाठी त्यांनी त्याच्यासमोर चर्चिलची थट्टाही केली. मला हे वाचून थोडं वाईट वाटलं. ग्रुपमधल्या नव्या मुलीला खूश करायला जुन्या मैत्रिणीची खेचावी, तसं.

पण याच तेहरानमध्ये त्यांनी युद्धानंतरच्या जगाचा आराखडा मांडला. एका कागदावर तीन वर्तुळं काढली. एकात सगळे देश, चर्चा करायला. दुसऱ्यात थोड्या देशांची कार्यकारी समिती, आरोग्य, शेती, अन्न असल्या प्रश्नांसाठी. तिसऱ्यात चार पोलीस : अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि चीन. कुणी दंगा केला तर या चौघांनी तो मोडायचा. आजच्या संयुक्त राष्ट्रांची आमसभा आणि सुरक्षा परिषद पाहिली की ती वर्तुळं लगेच ओळखू येतात. आपण ड्रॉइंग हॉलमध्ये आधी रफ स्केच काढतो ना, तसंच ते.

१९४४ मध्ये या स्केचवर काम सुरू झालं. जुलैमध्ये ब्रेटन वूड्स इथे ४४ देश जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. आपल्या रायगड जिल्ह्यातले. तेच सी. डी. देशमुख, ज्यांनी पुढे मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या वाड्यात नव्या संघटनेचा मसुदा तयार झाला. दोन गोष्टी मात्र अडल्या. बड्या देशांना नकाराधिकार, म्हणजे व्हेटो, किती द्यायचा? आणि रशिया आपल्या १६ प्रजासत्ताकांसाठी १६ जागा मागत होता, त्याचं काय करायचं?

इकडे रूझवेल्टचं शरीर हात टेकत होतं. मार्च १९४४ मध्ये तपासणी झाली तेव्हा रक्तदाब खूप वाढलेला आणि हृदय कमकुवत झालेलं आढळलं. लोकांना हे सांगितलं गेलं नाही. रूझवेल्टनी स्वतःही डॉक्टरांना खोदून विचारलं नाही. त्याच अवस्थेत त्यांनी चौथी निवडणूक लढवली आणि जिंकली. मला हे बरोबर वाटत नाही. ज्यांनी मतं दिली त्यांना खरं कळायला हवं होतं. त्याहून वाईट म्हणजे नवे उपाध्यक्ष ट्रुमन यांना त्यांनी जवळजवळ काहीच सांगून ठेवलं नाही, अणुबाँबबद्दलसुद्धा नाही.

आणि मग याल्टा. जहाजाने माल्टा, तिथून विमानाने क्रिमिया, पुढे घाटातून सुमारे पाच तास मोटारीने. ४ ते ११ फेब्रुवारी १९४५. बैठका लिव्हाडिया राजवाड्यात झाल्या. पूर्वी तो झारचा उन्हाळी महाल होता. रूझवेल्टना फार हलावं लागू नये म्हणून त्यांचा मुक्कामही तिथेच होता. चर्चिलच्या डॉक्टरने त्यांना पाहून, हे आता काही महिन्यांचेच सोबती, असं मनाशी ठरवून टाकलं.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, जर्मनी हरल्यावर रशियाने जपानविरुद्ध उतरावं. अणुबाँबची चाचणी तेव्हा झालेली नव्हती (ती १६ जुलै १९४५ ला झाली), आणि जपानवर स्वारी केली तर किती सैनिक मरतील याची सेनापतींना धास्ती होती. दोन, नव्या संघटनेत रशियाने आत यावं. विल्सनच्या लीगसारखं अर्धं जग बाहेर राहता कामा नये.

दोन्ही मिळालं. स्टॅलिन १६ जागांवरून खाली आला. रशियाशिवाय युक्रेन आणि बेलोरशिया यांना जागा देऊन मिटलं. व्हेटोचं असं ठरलं की एखाद्या विषयावर चर्चा करायला बडा देश अडवू शकणार नाही, पण कारवाई मात्र अडवू शकेल. हा व्हेटो एकट्या स्टॅलिनलाच हवा होता असं नाही हं. तो नसता तर अमेरिकेच्या सिनेटनेही करार पुन्हा फेटाळला असता, हे रूझवेल्ट ओळखून होते.

व्हेटोला सगळे शिव्या देतात. मीही द्यायचे. पण आपल्या हॉस्टेलवर रात्री कुणीतरी चोरून रॉड लावतं आणि मजल्याचा फ्यूज उडतो, तेव्हा आपण फ्यूजला शिव्या देतो. फ्यूज नसता तर वायरिंग जळलं असतं. दोन बडे देश एकमेकांसमोर उभे राहिले तर संघटनेने थांबावं, पण फुटू नये, हा त्यातला विचार. अर्थात फ्यूज उडाल्यावर अंधारात रॉड लावणारा एकटा बसत नाही, आख्खा मजला बसतो. तेही खरंच.

तो अंधार कुणाच्या वाट्याला आला? पोलंडच्या. ज्या देशावर हल्ला झाला म्हणून १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, तो देश याल्टाच्या टेबलावर नव्हता. तिथे तोवर लाल सैन्य पोचलं होतं आणि स्टॅलिनच्या मर्जीतलं सरकार बसलं होतं. खुल्या निवडणुका होतील असं एक कलम घातलं गेलं. ॲडमिरल लेही यांनी रूझवेल्टना दाखवून दिलं की हा मसुदा रबरासारखा कसाही ताणता येईल. रूझवेल्टनाही ते कळत होतं. याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. निवडणूक झाली जानेवारी १९४७ मध्ये, आणि ती खुली नव्हती. चीनच्या हक्कांची देवाणघेवाणसुद्धा चीनला न विचारता झाली.

माझ्या रूममेटशी यावरून रात्री दोनपर्यंत वाद झाला. तिचं म्हणणं, या माणसाने दुसऱ्याचं घर देऊन आपली सोसायटी रजिस्टर केली. माझं म्हणणं, घर आधीच गेलेलं होतं, तिथे सैन्य बसलं होतं. याल्टाला सही केली नसती तरी पोलंड सुटलं नसतं, उलट सोसायटीही झाली नसती. ती म्हणाली की निदान खोटी आशा तरी दाखवायची नव्हती. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

१ मार्चला रूझवेल्ट अमेरिकन काँग्रेसपुढे बोलायला आले. त्या दिवशी पहिल्यांदा ते खुर्चीत बसून बोलले आणि पायांवर पोलादाचं ओझं असतं म्हणून माफ करा, असं मोकळेपणाने सांगितलं. २४ वर्षं जे झाकलं ते आता झाकवत नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला स्टॅलिनच्या संशयी तारा येऊ लागल्या, पोलंडबद्दल दिलेला शब्द मोडला जातोय हे दिसू लागलं. तरी अधिवेशनाची तारीख बदलली नाही : २५ एप्रिल, सॅन फ्रान्सिस्को.

त्या दिवसासाठी खास पोस्टाचं तिकीट निघणार होतं. वॉर्म स्प्रिंग्जला विश्रांतीसाठी गेलेल्या रूझवेल्टना त्याचं पहिलं तिकीट स्वतः विकत घ्यायचं होतं. १२ एप्रिल १९४५ ला दुपारी, चित्रकार त्यांचं पोर्ट्रेट काढत असताना, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३. तिकीट ठरल्या दिवशी निघालं. त्यावर त्यांचं नाव घालण्यात आलं होतं.

अधिवेशन होणार, हा ट्रुमन यांचा पहिला निर्णय. २६ जून १९४५ ला ५० देशांनी सनदेवर सह्या केल्या. त्यात भारतही होता, ब्रिटिश सरकारने निवडलेल्या प्रतिनिधींच्या हातून. बाहेर विजयालक्ष्मी पंडित खऱ्या भारताची बाजू पत्रकारांना सांगत होत्या. पोलंडची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती, सही ऑक्टोबरमध्ये झाली. अमेरिकेच्या सिनेटने सनद मंजूर केली ८९ विरुद्ध २ मतांनी. रूझवेल्टनी शिष्टमंडळात व्हँडनबर्गसारखे विरोधी पक्षाचे नेते आधीच घेऊन ठेवले होते. विल्सनची चूक त्यांनी २५ वर्षं लक्षात ठेवली होती.

आज बघा. याल्टा ज्या क्रिमियात आहे तो क्रिमिया २०१४ मध्ये रशियाने ताब्यात घेतला. याल्टाच्या सौद्यातून ज्या युक्रेनला जागा मिळाली, त्यावर २०२२ मध्ये हल्ला झाला, आणि सुरक्षा परिषदेतला ठराव रशियाच्या व्हेटोने अडला. फ्यूज उडाला, मजला अंधारात. पण बडे देश आजही त्याच इमारतीत येऊन एकमेकांवर ओरडतात. लीगमधून ते सरळ उठून गेले होते.

म्हणून मी रूझवेल्टना डिस्टिंक्शन देत नाही आणि नापासही करत नाही. विल्सनचं ड्रॉइंग सुंदर होतं, पण अमेरिकेशिवाय ती इमारत कोसळली. रूझवेल्टचं ड्रॉइंग खाडाखोडीचं, आणि त्या खाडाखोडीची किंमत पोलंडने आणि काही अंशी आपण दिली, पण इमारत उभी आहे. ती बांधायला ज्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं तो माणूस पाच तास घाटातून गेला. पुन्हा कधी तो फोटो पाहिलात तर मधल्या खुर्चीकडे नीट बघा. आणि ज्यांना तिथे खुर्चीच नव्हती, त्यांचीही आठवण ठेवा.